दातानं ऐकलेलं

सुरू होतो. हेच तर दुखणं.
नसताच झाला तर बॅटरीला शिव्या घालून मोकळे झालो असतो.
सुरू होतो, दोन तासं नीट घालतो,
तिसऱ्याला आंब्याच्या बांधाशी वळता वळता
गळा धरल्यासारखा घरघरतो
आणि बंद.

झेटर. दोन सिलिंडरचा. या घरात माझ्या आधी आलेला,
म्हणून मान त्याचा मोठा.
होळीपासून छपरीत उभा होता, आता मृगबागेची जमीन
अर्धी नांगरून अर्धी तशीच.

धूर पाहिला आम्ही. धूर खोटं बोलत नाही म्हणतात.
काळा असता तर हवेची जाळी चोंदलेली,
निळा असता तर रिंगा गेलेल्या, पोटात गोळा,
पांढरा असता तर कुठंतरी पाणी शिरलेलं.
याचा धूर धड निघतच नव्हता.
मरताना नुसता उसासा, रंग नसलेला.

हेमराजनं फिल्टर बदलले, दोन्ही.
नोजल सावद्याला नेऊन तपासले: फवारा कसला, धुकं!
मग एअर काढायची. फिल्टरवरचा नट सैल,
फीड पंपाची घुंडी अंगठ्यानं दाब, दाब, दाब,
आधी फेस, मग बुडबुडे, मग एकदम
तेल लावलेल्या वेणीसारखी सलग धार.
नट आवळ.
आणि दरवेळी, डिझेल किती उरलं म्हणून
मी टाकीत तुरीची काडी बुडवून बघणार.
(हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)
किल्ली. सुरू. "काकू, एअरच होती."
दहा मिनिटं. आंब्याचा बांध. बंद.

चार दिवस असेच. चिनावलात पारा पंचेचाळीस,
शेजारच्या केळीची पानं मधल्या शिरेवर मिटून बसलेली.

पाचव्या दिवशी सलाबत तडवी आले, पालच्या बाजूनं,
नातवाच्या लुनामागं बसून.
दोन्ही कान गेलेले. इतकी इंजिनं ऐकली
की कानांनीच राजीनामा दिला.
त्यांना काही सांगायचं नसतं.
लांब पेचकस काढला, टोक पंपावर टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
"बाबा दातानं ऐकतात," नातू म्हणाला,
जसं कुणाचे बाबा डावखुरे असतात.

"दुसरं सिलिंडर मागं राहतं," मूठ न सोडता ते बोलले,
"पण ते चौऱ्याऐंशीपासून. त्याले हात लावू नका."
पेचकस सरकत गेला. नोजल. पंप. फिल्टर. नळी.
डिझेल जिथून येतं तिकडं, उलटा, वर.
टाकीवर थांबला. तिथं ऐकायचं तरी काय?
इंजिन घरघरायला लागलं तसं
त्यांनी झाकण फिरवलं.

हुस्स.

टाकीनं श्वास घेतला
आणि झेटर गचका खाऊन, खोकून, पुन्हा चालू लागला,
मध्ये काही झालंच नाही असा.

झाकणाला भोक असतं, सुईच्या नेढ्याएवढं.
खाली जितकं डिझेल जाईल तितकी वरून हवा.
त्यावर कुंभारणीनं घर बांधलेलं,
ओल्या बांधाची माती आणून आणून, घोटून, गोल.
मी काडीसाठी झाकण उघडत होते
आणि तो दरवेळी त्यानंच बरा होत होता;
श्रेय हेमराजच्या अंगठ्याला.

हेमराज खिळा घेऊन धावला. सलाबतनी मनगट धरलं.
"आइक ना भो, आत पोरं हायेत."
झाकण ओट्यावर, सावलीत. टाकीच्या तोंडाला
दुहेरी फडकं, वर सुतळी.
भोकाचे कसले पैसे, म्हणाले,
पेट्रोलचे मात्र घेतले, मोजून.

संध्याकाळी, कुणी नसताना,
घरातला पेचकस मी दातांत धरला.
लोखंडाची चव, डिझेलची,
आणि फैजपूरच्या डॉक्टरनं दाढेत भरलेली चांदी
थरथरायला लागली.
एक. दोन. एक. दोन.
दुसरा खरंच जरा मागून,
जेवायला हाक मारल्यावर
हातातलं काम उरकूनच येणाऱ्या माणसासारखा.